नवऱ्याची सही लागते?

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते. ती सतत डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, पण आपल्याकडे गर्भपातच बेकायदा आहे असं समजणारे शिकले-सवरलेलेही पुष्कळ भेटतात. पाटी वेगळ्या कायद्याची आहे. लिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. गर्भपाताला वाट करून देणारा कायदा त्याआधीचा, १९७१चा. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच मंत्री होते.

उलट टोकाचा गैरसमज असा, की बाईने मागितलं की डॉक्टरांनी गर्भपात करून द्यायचाच. तसंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात आजही गुन्हा आहे, आणि त्यात खुद्द ती बाईसुद्धा आरोपी होऊ शकते. १९७१चा कायदा या गुन्ह्याला फक्त अपवाद करतो. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठी. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. तिचा जीव वाचवायचा असेल तेव्हा मात्र आठवडे मोजले जात नाहीत. थोडक्यात, निर्णयाची किल्ली डॉक्टरांच्या हाती आहे.

नवऱ्याच्या हाती ती मुळीच नाही. ‘मिस्टरांना घेऊन या’ हे वाक्य दवाखान्यांत सर्रास ऐकू येतं, कायद्यात ते कुठेही नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. त्याहून लहान मुलीसाठी पालकाची लागते. नवऱ्याची सही मागणारा दवाखाना पुढची कटकट टाळत असतो, नियम पाळत नसतो.

लग्न झालेलं नसेल तर? ‘गर्भनिरोधक फसलं’ हे कारण पूर्वी फक्त विवाहितेला सांगता यायचं. २०२१च्या दुरुस्तीत ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतही विवाहित-अविवाहित भेद चालणार नाही, असं सांगितलं. नवऱ्याने केलेली बळजबरी या कायद्यापुरती बलात्कारच धरावी, हेही त्याच निकालात आहे.

एकदा पिशवी साफ केली की पुन्हा मूल होत नाही, ही भीती सुरक्षित गर्भपाताबाबत निराधार आहे. धोका असतो तो अर्धवट, चोरून केलेल्या आणि जंतुसंसर्ग झालेल्या गर्भपाताचा.

राहिला नैतिक वाद. तो अमेरिकेचा, आपल्याकडे नाही, असं म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२३चं प्रकरण पाहावं. दोन मुलांची आई. बाळ अंगावर पीत असल्याने पाळी बंद होती, त्यामुळे दिवस गेल्याचं तिला उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली. मग बाळ जिवंत जन्मू शकतं, तेव्हा त्याचं हृदय थांबवायचं का, असा प्रश्न दिल्लीच्या एम्समधून आला. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी तीन न्यायमूर्तींनी, चोवीस आठवडे उलटले आहेत, गर्भात व्यंग नाही आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणून परवानगी नाकारली. खर्च सरकारचा आणि हवं तर मूल दत्तक देण्याची मुभा. पण बाळंतपण तिलाच करायचं होतं, आणि ते नको म्हणूनच ती कोर्टात गेली होती.