गाऱ्हाणं गुडघ्याचं, कारण गळ्यातलं?

लेखमाला : दुखण्याचा माग – लेखांक ६

नाशिक जिल्ह्यात सांधे दुखायला लागले की रुग्ण कारण सोबत घेऊनच दवाखान्यात येतो. पावसाळ्याच्या शेवटी आला तर चिकुनगुनिया, डिसेंबरात आला तर थंडी, पन्नाशीच्या बाई असतील तर कॅल्शियम कमी, आणि साहेब असतील तर युरिक ॲसिड, ज्याची हजेरी आपण गेल्या आठवड्यात घेतली. चिकुनगुनियाचं नाव लोक उगाच घेत नाहीत. १९७३ साली बार्शीत साथ घालून गेलेला हा विषाणू तीन दशकांनी महाराष्ट्रात परतला, तेव्हा २००६ च्या सुरुवातीलाच मालेगावात त्याची मोठी साथ आली. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले राहिले. ‘तेव्हापासून दुखतंय’ म्हणणारी माणसं इथे अजून भेटतात.

आजच्या लेखातलं कारण मात्र सहसा कुणी स्वतःहून सांगत नाही. ते रक्ताच्या रिपोर्टातून बाहेर पडतं. पण एकदा का पडलं, की बाकीची सगळी कारणं बाजूला सारून एकटंच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. ‘थायरॉईड निघालाय, म्हणूनच गुडघे दुखत होते!’ हे कधी अगदी खरं असतं आणि कधी साफ चुकीचं. त्यातला फरक कसा ओळखायचा, एवढाच आजचा विषय.

आधी दोन आकडे. आठ शहरांत झालेली थायरॉईडची एक मोठी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या बाजूचे मुंबई आणि गोवा त्यात होते. प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉईड कमी काम करत असल्याचं त्यात दिसलं, आणि त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. दुसरा आकडा पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, हाडं, सांधे किंवा स्नायूंची काही ना काही तक्रार होती. एक आकडा शहरांचा, दुसरा गावाचा, तेव्हा त्यांचा गुणाकार शास्त्राला धरून होणार नाही. पण अंदाजापुरतं करून बघा: दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसता, तरी शंभरातल्या दोघांना ती एकदम असतीच. म्हणजे रिपोर्टात थायरॉईड आणि जिन्यावर गुडघा, हे दोन्ही एकाच बाईंच्या वाट्याला येणं हा काही पुरावा नव्हे.

पुरावा शोधायचा तर आत काय घडतं ते पाहायला हवं. कातडीखाली, स्नायूंभोवती आणि सांध्यांच्या अस्तरात हायल्युरोनिक ॲसिडसारखे चिकट पदार्थ सतत तयार होतात आणि मोडले जातात. थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की मोडण्याचं काम मागे पडतं आणि साठा वाढत जातो. हे पदार्थ पाणी धरून ठेवतात. त्यामुळे चेहरा भरल्यासारखा दिसतो, पापण्या जड होतात, बोटातली अंगठी निघेनाशी होते. गुडघ्यात पाणी साचतं ते याच वाटेने. सुईने काढलं तर ते इतकं दाट असतं, की पाकाची तार निघावी तशी त्याची लांब तार निघते. त्यात पू नसतो, पांढऱ्या पेशीही फारशा नसतात. म्हणून असा सांधा सुजतो, आखडतो, पण सहसा लाल होत नाही आणि हाताला गरम लागत नाही. ‘डॉक्टर, बघा ना, नुसतं जड झालंय,’ असं रुग्ण म्हणतात, ते वर्णन पुस्तकातल्यापेक्षा अचूक आहे.

शिवाय पुष्कळदा दुखणारा भाग सांधा नसतोच, स्नायू असतो. मांड्या आणि खांदे दुखतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो, रात्री पोटरीत गोळे येतात. रक्तात सीपीके नावाचं एक विकर वाढलेलं सापडतं, कारण ते आजारी स्नायूंतून बाहेर झिरपत असतं. इथे एक गफलत नेहमी होते. थायरॉईड मंदावला की कोलेस्टेरॉलही वाढतं. रिपोर्टात वाढलेलं कोलेस्टेरॉल दिसतं, त्यावर स्टॅटिनची गोळी सुरू होते, आणि ज्याचा थायरॉईड उपचाराविना राहिलाय त्याला स्टॅटिनने स्नायूदुखी होण्याचा धोका जास्त असतो. अंगदुखी दुप्पट होते आणि दोष स्टॅटिनला लागतो. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी; थायरॉईड मंदावला की तिचा आकडा वाढतो.

या मंद स्नायूंची सर्वांत देखणी खूण टाचेच्या वर सापडते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करायचं, पावलं कडेबाहेर मोकळी सोडायची आणि टाचेमागच्या जाड कंडरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोकायचं. पाऊल झटका देऊन मागे जातं. ते सगळ्यांचंच जातं. बघायचं असतं ते त्याचं परत येणं. एरवी डोळ्याला कळायच्या आत ते जागेवर येतं. थायरॉईड खूपच मंदावलेला असेल तर पाऊल क्षणभर तिथेच रेंगाळतं आणि सावकाश जागेवर येतं. आकुंचन पावलेल्या स्नायूला सैल पडायलाही संप्रेरक लागतं, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. टीएसएचची तपासणी हाताशी नव्हती तेव्हा डॉक्टर याच खुणेवर भरवसा ठेवायचे. आता हातोडी बहुतेकांच्या खणात पडून असते. मला हे दुर्दैव वाटतं, कारण तपासणी अवघ्या अर्ध्या मिनिटाची आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा खास मुद्दा: हात. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे घड मणी धरू लागले की निफाड, दिंडोरीकडे विरळणी सुरू होते. मांडवाखाली हात वर धरून, बारीक कात्रीने घडातले जादा मणी दिवसभर टिपत राहायचं. या कामातल्या चाळिशीच्या एक ताई सांगत होत्या, ‘कात्री हातातून गळून पडते, आणि रात्री मुंग्यांनी जाग येते. हात झटकला की बरं वाटतं.’ अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागाला बधिरपणा होता. करंगळी सुटलेली होती. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून हाताकडे जाणारी नस दाबली गेल्याची ही सही. कामाने नस दाबली जातेच, त्यात नवल नाही. पण त्यांच्या दोन्ही हातांना सारखाच त्रास होता, आणि कात्री फक्त उजव्या हातात असते. त्यासोबत आवाज बसका झालेला, कातडी कोरडी, पाळी अनियमित आणि अंगावरून जास्त जाणारी. टीएसएच साठीच्या पुढे निघालं. अशा वेळी मनगटावरच्या शस्त्रक्रियेची घाई करू नये. संप्रेरक पुरेसं मिळालं की बोगद्यातली सूज बहुधा ओसरते.

(थंडी सोसत नाही, हे पुस्तकातलं प्रसिद्ध लक्षण मी मुद्दाम मोजलं नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडला थंडी कुणालाच सोसत नाही.)

रक्ताच्या तपासण्यांत दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी इथे बहुधा फार वाढत नाहीत. आमवातात ते वाढतात, हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो. पण दोन्ही एकत्रही असू शकतात, कारण आपल्याकडे थायरॉईड मंदावण्याचं मोठं कारण स्वतःच्याच रोगप्रतिकार यंत्रणेने त्या ग्रंथीवर केलेला हल्ला हे आहे. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. असा हल्ला एका अवयवावर झालेल्या माणसात आमवाताची शक्यता थोडी वाढते. उलट, अशा रुग्णांत एएनए नावाची तपासणी अनेकदा किंचित पॉझिटिव्ह येते आणि ल्युपसच्या भीतीने घर झोपत नाही. नुसत्या एएनएवरून निदान होत नाही.

उपचाराचा इतिहास रंजक आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. त्या १९१९ पर्यंत जगल्या, वयाच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत, आणि तेवढ्या काळात त्यांच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हे संप्रेरक, प्रयोगशाळेत बनवणं जमलं ते १९२७ मध्ये. आज तेच आपण बाटलीतून रोज एक गोळी काढून घेतो.

गोळी लहान असली तरी तिचे नखरे मोठे आहेत. पूर्ण बिघडलेल्या थायरॉईडला रोज साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर साडेबारा किंवा पंचवीसपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं. ती अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतलात तर उत्तम. रविवारी मिसळीचा बेत असला तरी क्रम हाच. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही, तिने उपास मोडत नाही. आणि सांधेदुखीच्या रुग्णांसाठी सर्वांत महत्त्वाचं: कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची औषधं तिच्यापासून चार तास लांब. सांधे दुखतात म्हणून घरात कॅल्शियम आधीच आलेलं असतं. सोय म्हणून दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेतल्या जातात, कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं, आणि टीएसएच उतरत नाही म्हणून डॉक्टर पन्नासची पंच्याहत्तर करतात. मात्रा वाढवण्याआधी रुग्णाने गोळ्यांचा डबा टेबलावर ठेवावा आणि सकाळी काय काय घेतो ते क्रमाने दाखवावं. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

या औषधाचा रक्तातला निम्मा साठा संपायला आठवडाभर लागतो, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच करण्यात अर्थ नसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर प्रयोगशाळेला सांगा, त्या रिपोर्ट बिघडवतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून परस्पर गोळी बंद करू नका. तो गोळीमुळे नॉर्मल आहे. बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉईड काही वेळा आपोआप सुधारतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. फ्लॉवर-कोबी शिजवून, प्रमाणात खायला हरकत नाही. मीठ मात्र आयोडीनयुक्तच असू द्या. सैंधव उपासापुरतं ठीक. तरीही ग्रंथी बिघडल्यावर नुसत्या मिठाने ती सुधारत नाही, आणि आयोडीनची जादा औषधं तर नुकसानच करू शकतात.

मग सांधे कधी मोकळे होतात? गुडघ्यांतलं पाणी, हाताच्या मुंग्या, पोटरीतले गोळे हे टीएसएच मार्गावर आलं की काही आठवड्यांपासून काही महिन्यांत कमी होतात. सीपीके खाली येतं. आखडलेला खांदा थायरॉईडच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांत जास्त दिसतो खरा, पण तो आपल्या गतीने जातो. वर्ष-दोन वर्षं घेतो, आणि त्याला गोळीपेक्षा व्यायामाची गरज असते.

आणि आता सुरुवातीचा आरोपी. टीएसएच साठ असेल, टी-४ (रक्तातलं थायरॉक्सिन) कमी असेल, दोन्ही हात बधिर, स्नायू दुखतायत, तर थायरॉईडला दोषी धरा. पण ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात टीएसएच साडेसहा निघालंय, टी-४ नॉर्मल आहे आणि पासष्टीच्या आजींचा एकच गुडघा जिना उतरताना दुखतोय, तर तो गुडघा झिजलेला आहे आणि थायरॉईड केवळ साक्षीदार आहे. वयाबरोबर टीएसएच थोडं वाढतंच. पासष्टीच्या पुढच्या, असा किंचित बिघाड असलेल्या ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थायरॉक्सिनने थकव्यात किंवा थायरॉईडच्या लक्षणांत फरक पडला नाही. आजींना गोळी दिली तर गुडघा आहे तसाच राहील. वर मात्रा जास्त झाली तर हाडं ठिसूळ होतील आणि हृदयाची लय बिघडू शकेल. म्हातारपणी पडून खुबा मोडण्याच्या भीतीत आणखी भर कशाला?

मधल्या गटाचं काय? थायरॉईड खरंच बिघडला होता, गोळी नीट चालू आहे, टीएसएच तीन-चार महिने जागेवर आहे, तरी दुखणं हटत नाही. इथे ‘अजून थोडी पॉवर वाढवून बघू’ हा मोह टाळावा. फाईल पुन्हा पहिल्या पानापासून उघडायची: सांधा हाताने तपासायचा, झीज, आमवात, ड जीवनसत्त्व, झोप, वजन, सगळं एकेक करून बघायचं. आणि या काळात कुणी नाव नसलेली पांढरी पुडी दिली आणि तिने दोन दिवसांत जादू झाली, तर तीत स्टेरॉईड असण्याची शक्यता मोठी आहे. स्टेरॉईड दुखणं दाबतं आणि टीएसएचही खाली ओढतं, त्यामुळे पुढचा रिपोर्टही फसवा येऊ शकतो. पुडी घेतली असेल तर लाजू नका, तपासणीच्या आधी सांगा.

(पुढील लेखांकात : आखडलेला खांदा)