हिरव्या टेबलाभोवती : उतारवयात बिलियर्ड्सची ओळख

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बहात्तर वर्षांचे एक निवृत्त बँक अधिकारी आपल्या मुलासह माझ्या दवाखान्यात आले. रक्तदाब व मधुमेह यांसाठी ते अनेक वर्षे माझ्याकडे येत असत. पत्नीच्या निधनानंतर मात्र त्यांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. ‘रोज अर्धा तास चालावे’ हे वाक्य मी त्यांच्या कागदावर किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. “बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतात,” मुलाने तक्रार केली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, एकट्याने चालून जायचे तरी कुठे? आमच्या बँकेच्या क्रीडा मंडळात बिलियर्ड्सचे टेबल होते. मी नुसता पाहत उभा राहायचो, हाती काठी कधी घेतली नाही. आता शिकता येईल का?”

मुलाने तत्काळ नकारार्थी मान हलवली. खरे सांगायचे तर माझ्याही ओठांवर ‘नको’ हाच शब्द आला होता. बिलियर्ड्स म्हणजे सिगारेटच्या धुराने भरलेली खोली आणि रिकामटेकडी मंडळी, असेच चित्र माझ्या मनात होते. पण कित्येक महिन्यांनी या गृहस्थांनी स्वतःहून काही मागितले होते. मी आठवड्याची मुदत मागितली, एका जिमखान्यात जाऊन खेळ पाहिला आणि मग होकार दिला. त्या निमित्ताने जे कळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

खेळ आपल्या परिचयाचाच

हा खेळ परका नाही. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले जागतिक विजेतेपद बिलियर्ड्सनेच मिळवून दिले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि १९६४ साली पुन्हा एकदा. पुढे मुंबईचे मायकेल फरेरा, नंतर गीत सेठी आणि पंकज अडवाणी यांनी ही परंपरा चालवली. वयाचा प्रश्न असेल, तर इंग्लंडचे फ्रेड डेव्हिस यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९८० साली बिलियर्ड्सचे व्यावसायिक जागतिक विजेतेपद त्यांनी मिळवले, तेव्हा त्यांचे वय ६६ होते.

टेबल, चेंडू आणि गुण

पूर्ण आकाराचे टेबल सुमारे १२ फूट लांब व ६ फूट रुंद असते. खाली दगडी पाटी, वर हिरवे लोकरी कापड, कडेला रबरी कुशन आणि सहा पॉकेट. याच टेबलावर स्नूकरही खेळतात. स्नूकरला बावीस चेंडू लागतात, बिलियर्ड्सला मात्र केवळ तीन : एक पांढरा, एक पिवळा आणि एक लाल. पांढरा एका खेळाडूचा, पिवळा दुसऱ्याचा आणि लाल दोघांचा. आपण काठीने, म्हणजे क्यूने, नेहमी आपल्याच चेंडूला मारायचे.

गुण मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. आपला चेंडू एकाच फटक्यात उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला, तर तो कॅनन. त्याचे २ गुण. दुसरा चेंडू पॉकेटमध्ये घातला, तर तो पॉट. लाल चेंडूचे ३ आणि प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूचे २. आपलाच चेंडू दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये गेला, तर तो इन-ऑफ; येथेही लाल चेंडूवरून ३ आणि प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवरून २ गुण. कॅरममध्ये स्ट्रायकर गेला की दंड होतो. येथे आपला चेंडू योग्य रीतीने गेला तर गुण मिळतात! कॅरम खेळलेल्या हातांना हा फरक अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात.

गुण मिळत राहतात तोवर आपली पाळी चालू राहते. इन-ऑफनंतर आपला चेंडू टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळात, म्हणजे ‘डी’मध्ये, ठेवून पुढचा फटका मारायचा. लाल चेंडू पॉकेटमध्ये गेला की पुन्हा त्याच्या ठरलेल्या जागी ठेवला जातो. आपला चेंडू कशालाच लागला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला २ गुण मिळतात. नवशिक्याने एवढे नियम जाणले तरी पहिला डाव खेळता येतो. ५० किंवा १०० गुणांचा डाव ठरवावा.

उभे कसे राहावे

उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय थोडा पुढे ठेवावा आणि दोन्ही पायांवर भार पेलावा. डावा पंजा टेबलावर पसरून अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये खाच करावी आणि तीवरून क्यू सरकवावा. क्यूच्या टोकाला खडू लावायला विसरू नये, नाहीतर टोक चेंडूवरून घसरते. जोरापेक्षा सरळपणाला महत्त्व आहे. पहिले काही दिवस चेंडू लांबीच्या दिशेने सरळ मारावा. समोरच्या कुशनला लागून तो क्यूच्या टोकाशी परत आला, तर हात नीट चालतो आहे असे समजावे.

तरुण खेळाडू हनुवटी क्यूला टेकेपर्यंत वाकतात. ज्येष्ठांनी तसा आग्रह धरू नये. पाठीची कमान न करता कमरेच्या सांध्यातून जेवढे सहज वाकता येईल तेवढेच वाकावे. दूरच्या चेंडूसाठी टेबलावर पसरून एक पाय उचलण्याऐवजी ‘रेस्ट’ नावाची आधाराची काठी घ्यावी. मोठमोठे खेळाडूही ती वापरतात; त्यात कमीपणा नाही. क्लबमध्ये गुण मोजणारा व टेबलाची निगा राखणारा मार्कर असतो. प्राथमिक धडे तोच उत्तम देतो.

डॉक्टर म्हणून काही सूचना

आता माझ्या चुकीविषयी. आमचे हे गृहस्थ तिसऱ्या आठवड्यात फटका मारून सरळ उभे राहताना भोवळ येऊन टेबलाला धरून बसले. सुदैवाने पडले नाहीत. तपासले तेव्हा, बसलेले असताना असणारा त्यांचा रक्तदाब उभे राहिल्यावर बराच खाली येत होता. प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली होती, ती त्यांनी मला सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. परवानगी देण्यापूर्वी उभे करून रक्तदाब मोजणे माझे काम होते. ते माझ्याकडून राहिले. म्हणून पहिली सूचना : वाकण्याचा कोणताही खेळ सुरू करण्यापूर्वी आपल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात आणि उभ्याने रक्तदाब मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नये.

चष्म्याचा प्रश्नही महत्त्वाचा. वाकून समोर पाहताना नजर चष्म्याच्या वरच्या कडेवरून जाते आणि दुहेरी भिंगांमुळे अंतराचा अंदाज चुकतो. १९८५ सालचे स्नूकर जगज्जेते डेनिस टेलर यांचा भलामोठा उंच चष्मा याच कारणासाठी होता. आपल्याला एवढे करायला नको. खेळण्यापुरता दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा बहुधा पुरतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नेत्रतज्ज्ञांची अनुमती मिळेपर्यंत थांबावे.

हाडे ठिसूळ झालेल्यांनी व मणक्याचा अस्थिभंग झालेल्यांनी आधी विचारल्याशिवाय वाकू नये. मधुमेहींनी उपाशीपोटी जाऊ नये, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी. खिशात साखर ठेवावी. पायांची संवेदना कमी असेल, तर घट्ट बसणारे, न घसरणारे बूट घालावेत. गुडघे दुखत असतील, तर प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत खुर्चीवर बसावे. आरंभी अर्धा तास पुरे. धूम्रपान चालणाऱ्या खोलीत मात्र पाऊलही ठेवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बिलियर्ड्स हा व्यायामाला पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी सांगितलेला, आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम वेगळा करायलाच हवा. हा खेळ विस्मरण टाळतो, असेही मी म्हणणार नाही. टेबलाभोवती फिरणे होते, कोनांचा विचार होतो, गुणांचा हिशेब ठेवावा लागतो आणि चार माणसांशी बोलणे होते. एवढे लाभही थोडके नाहीत.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्यांची भीती मी समजू शकतो. पण ‘पडाल’ या एका शब्दाने आपण ज्येष्ठांची कितीतरी दारे बंद करतो. पहिल्या दोन-तीन वेळा सोबत जावे. जिने, उजेड, स्वच्छतागृह व बसायची सोय पाहून घ्यावी आणि मार्करला आजारांची कल्पना द्यावी. त्यानंतर थोडे दूर बसावे. फटका चुकला की सूचना देऊ नयेत! क्लब जवळ नसेल, तर घरातला कॅरम बाहेर काढावा. सोबत मात्र माणूस हवा.

आमचे गृहस्थ औषधांत बदल केल्यावर महिन्याभराने पुन्हा खेळू लागले. त्यांची साखर आजही गोळ्यांनीच आटोक्यात आहे. चमत्कार काही घडलेला नाही. पण मंगळवारी व शुक्रवारी ते जिमखान्यापर्यंत पायी जातात, जाऊन-येऊन पाऊण तास. माझा तो जुना सल्ला असा आडवाटेने पाळला गेला. मागच्या भेटीत कागदावर औषधे लिहीत असताना ते म्हणाले, “डॉक्टर, पुढची तारीख मंगळवारची देऊ नका.” मी बुधवार लिहिला.