टप आणि छप्पर : कूपे व उघडी क्रीडामोटार यांच्या निवडीचा प्रश्न

भारतीय रेल्वेच्या पहिल्या वर्गाने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांस ‘कूपे’ हा शब्द परिचित असतो. चार शायिकांची ती केबिन आणि दोन शायिकांचा तेवढा कूपे. हा अर्थ शब्दाच्या मूळाशी बराच प्रामाणिक आहे. ‘कापणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूचे हे कृदन्त. समोरासमोर बाके असलेल्या मोठ्या घोडागाडीचा पुढचा भाग जणू कापून टाकून उरलेली, दोघांपुरती आखूड गाडी म्हणजे कूपे. येथे छपराचा मुळी संबंधच नव्हता. उलट ‘काब्रिओले’ हा शब्द बकरीच्या उडीवरून आला. दोन चाकांची हलकी, उसळत जाणारी, दुमडत्या टपाची ती गाडी. आजच्या ‘कॅब’चे मूळही तेच. म्हणजे ज्या दोन संज्ञांमध्ये मोटार घेणाऱ्यास आज निवड करावयाची असते, त्यांपैकी एक लांबीविषयी होती तर दुसरी चालीविषयी. छप्पर आहे की नाही या एकाच कसोटीवर त्यांचा विरोध कल्पिणे ही फार पुढची गोष्ट होय.

या अर्थांतराचा उत्तम नमुना जॅग्वार एक्स.के. १२० या इंग्रजी गाडीत सापडतो. १९४८ साली ती प्रथम अवतरली ती उघडी. तिच्या दारांना बाहेरून मुठी नव्हत्या आणि काचांच्या जागी काढघाल करता येणारे पडदे होते. १९५१ साली बंद छपराची आवृत्ती निघाली. तिला ‘स्थिर छपराची कूपे’ असे नाव मिळाले. १९५३ साली तिसरी आली आणि ती ठरली ‘पडत्या छपराची कूपे’. आजच्या कानाला हे दुसरे नाव वदतोव्याघातासारखे वाटते. परंतु खरा मुद्दा पहिल्या नावात आहे. ‘स्थिर छपराची’ हे विशेषण तेव्हाच जोडावे लागते, जेव्हा क्रीडामोटार म्हटली की ती उघडीच, असे ऐकणारा गृहीत धरतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर उघडी गाडी हे त्या काळी अचिन्हित रूप होते व बंद गाडी हे चिन्हित. सर्वसाधारण मोटारींच्या बाबतीत हा पालट अमेरिकेत त्यापूर्वीच घडला होता : १९१९ मध्ये तेथे बंद गाड्या सुमारे एक दशांश होत्या, त्या १९२७ पर्यंत चार पंचमांशांहून अधिक झाल्या. क्रीडामोटारींत तो सावकाश घडला. आज ‘कन्व्हर्टिबल’ हेच विशेष रूप ठरले असून तिची किंमतही बहुधा अधिक असते.

नावांची ही उलथापालथ केवळ शाब्दिक नाही. गाडी मूळ उघडी म्हणून कल्पिली गेली की बंद गाडीचे छप्पर पुढे कापले गेले, यावर तिचे अंतरंग अवलंबून असते. आणि निवड करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा.

बुटांचे पुठ्ठ्याचे खोके झाकण चिकटवून पिळून पाहिले तर ते दाद देत नाही. झाकण काढताच मात्र ते सहज मुरडते. यामागील तत्त्व पातळ नळीच्या गणितात स्पष्ट दिसते. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या व एक मिलिमीटर जाडीच्या गोल नळीला तिच्या लांबीभर एक चीर पाडली, तर पीळ सोसण्याची तिची ताठरता सुमारे साडेसात हजारपटींनी घटते. धातू मात्र तितकाच राहतो! मोटार ही अर्थात नळी नव्हे, म्हणून तेथील घट एवढी भयंकर नसते. तरीही खडबडीत रस्त्यावर उघड्या गाडीची समोरची काच व सुकाणू थरथरताना जाणवतात त्याचे कारण हेच. चौकट मुरडू लागली की कमानींची व धक्काशोषकांची जुळणी कितीही काटेकोर असो, चाके आपल्या नेमक्या जागी राहत नाहीत. यावर उपाय म्हणून दारांखालचे उंबरठे जाड करावे लागतात, तळाला आडवे-तिरपे आधार द्यावे लागतात आणि वजन वाढते. पोर्श ९११ च्या २०१९ साली आलेल्या पिढीत मूळ कॅरेरा कूपेचे वजन १५०५ किलोग्रॅम, तर उघड्या आवृत्तीचे १५७५. सत्तर किलोग्रॅम म्हणजे एक जादा प्रवासी कायमचा बरोबर नेणे होय.

मर्सिडीझ-बेंझ ३०० एस.एल. या गाडीचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधक आहे. १९५४ साली न्यूयॉर्क येथे ती कूपे म्हणून प्रकट झाली. बारीक नळ्यांच्या तिच्या सांगाड्याच्या बाजू इतक्या उंच होत्या की नेहमीच्या दारांना जागाच उरली नाही. म्हणून दारे छपराला टांगली गेली आणि पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडू लागली. पुढे जे सौंदर्याचे लक्षण मानले गेले ते मूळात ताठरतेसाठी दिलेले मोल होते. दारांच्या काचा खाली सरकत नसत, त्यामुळे आत उष्मा होई. १९५७ साली उघडी आवृत्ती निघाली तेव्हा सांगाड्याच्या बाजू खाली आणून तो नव्याने बांधावा लागला व वजन वाढले. पण त्याबरोबर मागील आसाची रचनाही सुधारली आणि वळणावरची अविश्वसनीय वागणूक कमी झाली. कूपे १४०० निघाल्या, उघड्या १८५८. ‘बंद ती श्रेष्ठ’ हा सरधोपट निर्णय येथे टिकत नाही.

ज्या गाड्यांत पीळ सोसण्याचे काम मुख्यत्वे छपराकडे नसतेच, तेथे तर हा वाद बराचसा निरर्थक होतो. १९६२ ची लोटस एलान पोलादी कण्यावर उभी होती. ती आधी उघडी निघाली, बंद आवृत्ती १९६५ ची. माझ्दा एम.एक्स.-५ ही १९८९ साली बाजारात आली तीही केवळ उघडीच. कार्बनतंतूंच्या टबावर उभारलेल्या मॅक्लारेन १२सी गाडीचे छप्पर २०१२ साली उघडते केले गेले, तेव्हा टब अधिक मजबूत करावा लागला नाही; सुमारे चाळीस किलोग्रॅमची वाढ झाली ती छपराच्या यंत्रणेमुळे.

सुरक्षिततेचा विचार निराळा करावा लागतो. गाडी उलटली तर टपाचे कापड काहीच थोपवीत नाही. अमेरिकेत कडक नियम येणार या धास्तीच्या छायेतच पोर्शने १९६५ साली रुंद पोलादी कमान ठेवून मधले छप्पर काढता येणारी ‘टार्गा’ दाखविली. कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोरॅडो ही शेवटची अमेरिकी उघडी गाडी म्हणून विकली. ती शेवटची ठरली नाही. १९८२ साली क्रायस्लरने हा प्रकार पुन्हा आणला. मर्सिडीझच्या १९८९ च्या एस.एल. मध्ये संकटसमयी सुमारे एक तृतीयांश सेकंदात आपोआप उभी राहणारी कमान आली. अशी कमान नसलेली जुनी उघडी गाडी घेताना घेणाऱ्याने या उणिवेकडे काणाडोळा करू नये.

१९९६ च्या एस.एल.के. पासून रूढ झालेले दुमडते धातूचे छप्पर दोहोंचा मेळ घालते असे म्हणतात. ते अंशतःच खरे आहे. ते मिटल्यावर सामानाची बरीचशी जागा व्यापते, आणि सामानाची सोय हा तर कूपेचा एक साधा पण खरा गुण. शिवाय अशा गाडीचे शरीर उघड्याच गाडीचे असते. बंद दिसल्याने ते ताठर होत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यास वरील विवेचनाचा एक प्रत्यक्ष उपयोग आहे. उघड्या गाडीच्या टपाची वीण व चकाकी प्रथम डोळ्यांत भरते, परंतु टप बदलता येतो. पाहावयाचे ते उंबरठे. टपातून झिरपलेले पाणी तेथे साचते आणि पत्रा आतून गंजतो; म्हणजे जो भाग छपराच्या अभावी सर्वाधिक भार वाहतो, तोच आधी कुजतो. म्हणून दार बंद असताना त्याच्या पुढील व मागील फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत की नाहीत हे तपासावे, मग जॅकने एक बाजू उचलून त्याच फटी पुन्हा न्याहाळाव्या. वरची फट आवळली किंवा दार अडकू लागले, तर गाडी मध्यभागी वाकत आहे असे समजावे.