मानमोडीचा ताप, अडुळसा आणि चिनी वैद्यकपोथ्या

जुन्या दप्तरांत सनदा व महजर यांजबरोबर कधीं कधीं औषधांच्या टिपणांचें एखादें बाडही निघतें. संग्राहक सनदा उचलतो व बाड बाजूस सारतो. हें योग्य नव्हे. जुन्नर तालुक्यांतील आळें गांव रेड्याच्या समाधीमुळें सर्वश्रुत आहे. त्या गांवीं किंवा जुन्नर-आंबेगांव टापूंत कोठेंही असें बाड हातीं आल्यास त्यांतील छातीच्या सांथीवरील पाठ कसे वाचावे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. या कामीं चीन देशाचें उदाहरण फार उपयोगी पडतें.

प्रथम रोगाचें नांव. इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझास महाराष्ट्रांत लोक मानमोडी म्हणत. मुंबई इलाख्यांत त्या सांथीनें सुमारें दहा लाख माणसें दगावलीं. (जुन्नरजवळील मानमोडी डोंगराचें नांव मात्र फार प्राचीन, तेथील लेण्यांच्या ब्राह्मी लेखांतही त्याचें जुनें रूप आढळतें. दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह टाळावा.) माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु प्रथम हातीं लागला तो १९३३ सालीं. तेव्हां जुन्या पोथींत 'कफज्वर', 'कास' किंवा 'श्वास' हे शब्द आले म्हणून तो विषाणुजन्य फुप्फुसदाहच, असें ठरत नाहीं. पोथी लक्षणें सांगते आणि कारण दोषांच्या परिभाषेंत देते.

चीनमध्यें इ. स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग यानें सांथीच्या तापांवर ग्रंथ लिहिला. दहा वर्षांच्या आंत आपल्या कुळांतील दोनतृतीयांश माणसें गेलीं, असें प्रस्तावनेंत सांगितलें आहे. मूळ ग्रंथ विस्कळीत झाला. वांग शूहे यानें तो पुन्हां जुळविला, आणि १०६५ सालीं सुंग दरबाराच्या आज्ञेनें शुद्ध करून छापला गेला. चरकसंहितेवर दृढबलाचा हात फिरला, तसाच हा प्रकार. त्यांतील एका प्रसिद्ध काढ्यांत माहुआंग, दालचिनीच्या जातीच्या कोवळ्या डहाळ्या, जर्दाळूच्या बियांतील मगज व ज्येष्ठमध अशीं चार द्रव्यें आहेत. माहुआंगांतील एफेड्रीन जपानी शास्त्रज्ञ नागाई यानें १८८५ सालीं वेगळें केलें. त्यानें आखडलेल्या श्वासनलिका सैल होतात. परंतु नाडी व रक्तदाब हींही वाढतात. ज्येष्ठमधांतील ग्लिसिऱ्हिझीन या द्रव्यानें सार्स विषाणूची वाढ रोखली, असें २००३ सालीं जर्मनींत दिसून आलें. पण तें काचपात्रांतील पेशींवर व मोठ्या मात्रेंत. रोग्याच्या फुप्फुसांत तितकी मात्रा पोंचते असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. २०२० च्या करोना सांथींत चीन सरकारनें असे काढे इतर उपचारांबरोबर दिले. तथापि पुष्कळशा चाचण्या लहान किंवा सदोष असल्यानें निर्णय अवघड झाला आहे.

आपल्या अडुळशाची कथा याहून स्पष्ट आहे. त्यांतील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झीन हें आधुनिक औषध बनविण्यांत आलें. तें कफ पातळ करतें. विषाणु मारतें असें नव्हे. आमच्या मतें बहुतेक देशी व चिनी पाठांचें खरें सामर्थ्य येथेंच आहे : श्वास मोकळा करणें, खोकला शमविणें, रोग्यास तग धरावयास लावणें.

मग पाठांचें बारकाईनें वाचन कशास? त्याचें उत्तर हिंवतापाच्या औषधांत आहे. चवथ्या शतकांतील गे होंग याच्या उपचारग्रंथांत चिंगहाव ही वनस्पति पाण्यांत भिजवून पिळून रस घ्यावा, असें आहे. उकळण्याचा उल्लेख नाहीं. एवढ्या एका बारकाव्यावरून तू यूयू या विदुषीनें १९७१ सालीं कमी उष्णतेवर अर्क काढला व आर्टेमिसिनीन हातीं आलें. २०१५ सालीं त्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

म्हणून नक्कल करतांना केवळ द्रव्यांचीं नांवें उतरून भागत नाहीं. स्वरस कीं काढा, ओलें कीं सुकें, मूळ कीं पान, अनुपान कोणतें, हें जसेंच्या तसें घ्यावें. गुंज, मासा, तोळा हीं वजनें स्थलपरत्वें बदलतात. तीं ग्रॅममध्यें करून लिहूं नयेत. वनस्पतीचें नांव स्थानिक असल्यास गांवांतील जाणत्या माणसाकडून झाड ओळखून घ्यावें. ज्वराच्या पाठांत बचनाग व हिंगूळ वारंवार येतात, आणि बचनाग शुद्धीवांचून प्राणघातक ठरतो. शोधनाची ओळ पुष्कळदां समासांत निराळ्या हस्ताक्षरांत असते. ती सोडूं नये, व असा पाठ घरीं करून पाहूं नये.