बामचा गारवा येतो कुठून?

उन्हं तापू लागली की वसमतकडे हळद शिजवण्याची घाई सुरू होते. दिवसभर वाफेत राबलेला माणूस रात्री कपाळाला बाम चोळतो आणि ‘गार वाटलं’ म्हणतो. कपाळ मात्र होतं तेवढंच गरम असतं!

ही करामत बाममधल्या मेन्थॉलची. पेपरमिंटच्या तेलात तो साधारण ३० ते ५० टक्के असतो. त्वचेतल्या नसांवर टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन असतं. गारठा लागला की ते मेंदूला वर्दी देतं; मेन्थॉल लागला तरी तीच वर्दी जाते. २००२ मध्ये हे उलगडणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन २०२१ च्या नोबेलचे मानकरी ठरले. चोंदलेलं नाकही असंच मोकळं ‘वाटतं’. आतली सूज तशीच राहते.

मेन्थॉलची आणखी एक गंमत अमृतधारा या घरगुती औषधात दिसते. पेपरमिंटचं फूल (म्हणजे मेन्थॉलच), ओव्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे. बाटलीत एकत्र घालून हलवले की थेंबभर पाण्याशिवाय त्यांचं पाणी होतं. एकमेकांत मिसळल्याने त्यांचा द्रवणांक खोलीच्या तापमानाखाली उतरतो.

पेपरमिंट तेलाच्या गुणाचा खरा पुरावा मात्र पोटाच्या बाबतीत आहे. आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून दिल्यास आतड्याचे स्नायू सैलावतात, वारंवार मुरडा येणाऱ्यांना आराम पडतो. जळजळ, आंबट ढेकरा असणाऱ्यांचा त्रास मात्र वाढू शकतो, कारण जठराच्या तोंडाची झडपही सैल पडते. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला हे तेल लावूच नये. श्वास अडकू शकतो.