पुरातून निघालेले इंजिन

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत मुसळधार पाऊस झाला. चेंबरंबाक्कम जलाशयातून सोडलेले पाणी अड्यार नदीच्या पात्रात मावेना. सैदापेट, कोट्टूरपुरम या काठावरच्या वस्त्या जलमय झाल्या. विमानतळही काही दिवस बंद ठेवावा लागला. पूर ओसरला, तेव्हा असंख्य मोटारी चिखलात उभ्या होत्या.

अशा मोटारीची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह अनावर असतो, आणि तेथेच घात होतो. सिलिंडरमधील हवा दट्ट्याच्या दाबाने आकुंचन पावते. पाणी मात्र दाबले जात नाही. मग पाण्यावर आपटलेल्या दट्ट्याचा पोलादी दांडा वाकतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी बॅटरीची तार सोडवतो, एअर फिल्टर ओला आहे का ते पाहतो आणि ऑइलची कांडी तपासतो. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे हे निश्चित. ते बदलून, टाकीतील पेट्रोल उपसून आणि स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवले, की आत साचलेले पाणी प्लगच्या छिद्रांतून बाहेर उडते.

एवढे करूनही पुष्कळदा इंजिन सुरळीत चालत नाही. सिग्नलपाशी गाडी थरथरते, आवाज अडखळतो. यालाच गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, असा याचा अर्थ. दोषी सिलिंडर ओळखण्याची रीत मोठी मार्मिक आहे. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची जोडणी क्षणभर काढतात. निरोगी सिलिंडर बंद पडताच आवाज आणखी खालावतो. ज्याच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच निकामी असतो. (प्लगच्या तारेला मात्र हात लावू नये, तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो.)

त्यानंतर इंजिन थांबवून त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावतात. दोष प्लगबरोबर सरकला, तर काम थोडक्यात भागते. न सरकल्यास इग्निशन कॉइल, मग इंजेक्टर याच पद्धतीने पारखतात. सारे ठीक असूनही दोष जागचा हलला नाही, तर दाबमापक लावावा लागतो. वाकलेल्या दांड्याचा दट्ट्या पुरेसा वर पोहोचत नाही आणि त्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा कमी भरतो. अशा वेळी संपूर्ण इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते.