दहा सुया

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना सुईत दोरा ओवता येतो? हात वर करा बघू!

तुम्ही म्हणाल, बाईंनी हा काय शिवणकामाचा तास काढलाय? थांबा जरा. या सुईची आणि जगातल्या एका फार मोठ्या कामाची गाठ कशी पडते, तेच आज सांगणार आहे. पण त्याआधी आपल्याला जायचंय इटलीत, तेही १८५९ सालात.

बादल्या घेऊन धावणारी मुलं

२४ जून १८५९. उत्तर इटलीतल्या सोल्फेरिनो गावाजवळ पहाटेपासून लढाई पेटली होती. एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनियाचं सैन्य, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचं. दोन्हीकडचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक! लढाई थांबली तेव्हा हजारो माणसं मरून पडली होती, आणि त्याहून कितीतरी जास्त माणसं जखमी होऊन विव्हळत होती.

जवळच्या कास्तिल्योने या छोट्या गावात जखमींच्या गाड्यांमागून गाड्या येऊ लागल्या. चर्च भरली, घरं भरली, शेवटी रस्त्यांच्या कडेलाही माणसं निजवावी लागली. औषधं अपुरी. डॉक्टर तर अगदी थोडे.

नेमका त्याच वेळी हेन्री ड्युनांट नावाचा ३१ वर्षांचा एक माणूस तिथे आला होता. तो स्वित्झर्लंडमधल्या जीनिव्हाचा व्यापारी. डॉक्टर नव्हे की सैनिक नव्हे. धंद्याच्या कामासाठी त्याला फ्रान्सच्या सम्राटाला गाठायचं होतं. पण समोरचं दृश्य पाहिलं आणि आपलं काम तो विसरूनच गेला. त्यानं गावातल्या बायकामुलींना एकत्र केलं. कुणी जखमा धुवायच्या, कुणी पट्ट्या बांधायच्या, कुणी पाणी पाजायचं, अशी कामं वाटून दिली. आपल्या गाडीवानाला ब्रेशिया शहरात पिटाळून लिंबं, साखर, सदरे, पट्ट्या असं सामान मागवलं.

आणि पाणी कोण आणत होतं, माहीत आहे? गावातली लहान मुलं! हातात बादल्या, झाऱ्या, जे मिळेल ते घेऊन ती झऱ्यापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून झऱ्यापर्यंत नुसती धावत होती. ड्युनांटनं पुढे आपल्या पुस्तकात या मुलांचा आठवणीनं उल्लेख केला. जखमी आपल्या बाजूचा की शत्रूचा, हे तिथे कुणी विचारत बसलं नाही. आपण सगळे भाऊच, असं तिथल्या बायका म्हणत होत्या.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही दिवस गेले आणि लोक थकले. सुरुवातीचा उत्साह ओसरला. मदतीचे हात होते, पण त्यातल्या पुष्कळांना कामाची माहितीच नव्हती. ड्युनांटच्या मनाला हे लागून राहिलं. १८६२ साली त्यानं सोल्फेरिनोच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्यात विचारलं, की संकट आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शांततेच्या काळातच स्वयंसेवक तयार करून ठेवले तर?

या प्रश्नातूनच १८६३ साली जीनिव्हात पाच जणांची एक समिती उभी राहिली. तीच आजची रेड क्रॉस संघटना. १९०१ साली शांततेचं पहिलं नोबेल पारितोषिक ड्युनांटला आणि फ्रान्सच्या फ्रेडरिक पासी यांना मिळून देण्यात आलं. ड्युनांटचा जन्मदिवस ८ मे. तो दिवस जगभर रेड क्रॉस दिन म्हणून पाळतात.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४ ते १९१८) ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांतल्या शाळाशाळांतून ज्युनिअर रेड क्रॉसची पथकं निघाली. तिथली मुलं जखमींसाठी पट्ट्या गुंडाळायची, सैनिकांसाठी मोजे विणायची. आपल्याकडेही भारतीय रेड क्रॉस सोसायटी १९२० पासून आहे, आणि कितीतरी शाळांत ज्युनिअर रेड क्रॉस चालतं.

आमची फजिती

आता सांगते आमच्या शाळेची गोष्ट. यात फजिती झाली ती माझीच, बरं का!

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात केवढा महापूर आला होता, हे तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. कृष्णा आणि पंचगंगेनं गावंच्या गावं वेढली होती. आमचं गाव जरा उंचावर, त्यामुळे आम्ही सुखरूप. पण शाळेतली सगळी मुलं अस्वस्थ होती. मी लगेच फर्मान काढलं, "उद्या प्रत्येकानं घरून कपडे आणायचे!" यादी मी केली, गोण्या मी शिवून घेतल्या, टेम्पोही मीच ठरवला. मुलांचं काम काय, तर आणून टाकणं आणि रांगेत उभं राहणं.

तीन गोण्या घेऊन मी एका मदत केंद्रावर गेले. तिथल्या दमलेल्या कार्यकर्त्यानं दाराकडे बोट दाखवलं. व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा माझ्या डोक्याइतका ढीग! भिजलेला, कुबट वास सुटलेला. तो म्हणाला, "बाई, कपडे आता पुरे झाले. घराघरांत चिखल आहे. खराटे, बादल्या, फिनेल असतं तर आजच्या आज वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे खरं खरं सांगितलं. सगळे गप्प. मागच्या बाकावरून सातवीतली एक मुलगी उठली. एरवी फारशी न बोलणारी. म्हणाली, "बाई, पण त्यांना काय हवंय ते आपण विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं! मला ते सुचलंच नव्हतं. आणि मुलांना सुचलं असतं, तरी ते सांगायला मी जागा कुठे ठेवली होती?

मग मुलांनीच पुढचं ठरवलं. एका पालकांच्या फोनवरून केंद्रावर विचारलं. घरोघरी जाऊन पैसे न मागता फक्त खराटे आणि बादल्या मागितल्या. दोन दिवसांत ५२ खराटे जमले! ते त्याच टेम्पोतून गेले आणि ढिगात पडून न राहता लगेच घरोघरी पोचले.

सुईचं नेढं

पूर ओसरला. पण ती मुलगी मला म्हणाली, "बाई, आपल्या गावात पूर नाही, पण मदत लागणारं कुणीतरी असेलच की." तिला ड्युनांट माहीत नव्हता. तरी प्रश्न तोच होता, नाही का? संकट येण्याआधी काय करायचं?

मुलांनी गट केला. प्रमुख कोण, ते मी ठरवावं असा आग्रह झाला. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्या नंबरचा मुलगा होता. पण मी जीभ आवरली. मुलांनी त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच निवडलं.

गटानं गावाचा नकाशा काढला आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं कुठे आहेत, तिथे खुणा केल्या. अशी सात घरं निघाली. एका घरी आजी एकट्याच. मुलं विचारायला गेली, "आजी, पाणी भरून देऊ? दुकानातून काही आणू?" आजी हसल्या. "पाणी येतंय की नळाला. दुकान हाय दारात. डोळ्यास्नी तेवढं दिसत न्हाई बघा. ही सुई तेवढी ओवून द्या."

आजी वाकळ शिवत. त्यावरच त्यांचा वरखर्च चाले. सुईचं नेढं दिसत नसल्यामुळे एक दोरा संपला की काम बंद. मग रस्त्यानं कुणी येईपर्यंत बसून राहायचं.

गटातल्या एका मुलानं युक्ती काढली. गणितात तो कच्चा, पण डोकं कसं चालतं बघा. एक सुई कशाला, दहा ओवून ठेवू! दोरे एकमेकांत गुंतायला लागले, तेव्हा त्यानं जाड पुठ्ठ्याला खाचा पाडल्या आणि प्रत्येक सुईचा दोरा वेगळ्या खाचेत गुंडाळला. दहा सुया आजींना चार दिवस पुरायच्या. चार दिवसांनी मुलं पुन्हा हजर.

आणि मग दिवाळी आली

सुट्टी लागली. कुणी मामाकडे, कुणी आत्याकडे. सुट्टीनंतर मुलं आजींकडे गेली, तर पुठ्ठा रिकामा आणि अर्धी वाकळ घडी करून ठेवलेली. आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आलासा व्हय? सुया कवाच संपल्या की रं. दारात बसून वाट बघितली."

त्या दिवशी गटप्रमुख माझ्याकडे येऊन रडली. कास्तिल्योनेत जे झालं होतं, तेच आमच्याकडेही झालं होतं. उत्साह होता, पण तो टिकवायची व्यवस्था नव्हती.

माझा हात तक्ता आखायला शिवशिवत होता. पण फळ्यापाशी न जाता मी मागे जाऊन बसले. तास-दीड तास मुलं भांडली आणि शेवटी त्यांनी आपले नियम केले. ते असे :

१. आधी विचारायचं, मग करायचं.

२. पाळी लावायची. गावाला जाणाऱ्यानं आपल्या जागी दुसरा देऊन जायचं.

३. कुठेही एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. घरी सांगून जायचं.

४. कुणाकडून पैसे किंवा खाऊ घ्यायचा नाही. फोटो काढायचे नाहीत.

५. आपल्याला न झेपणारं काम दिसलं, कुणी आजारी वाटलं, तर लगेच मोठ्या माणसांना सांगायचं.

पाचवा नियम नीट लक्षात ठेवा हं! पुराच्या पाण्यात उतरणं, पडक्या घरात शिरणं ही शिकून तयार झालेल्या मोठ्या माणसांची कामं. तिथे शौर्य दाखवायला जायचं नाही.

पालकांसाठी चार शब्द

पालकहो, 'स्वयंसेवक' या शब्दात 'स्वयं' आधी येतं. रेड क्रॉसच्या सात मूलतत्त्वांतही स्वेच्छेनं केलेली सेवा हे एक तत्त्व आहे. आपण मात्र मुलांना रांगेत उभं करतो, हातात फलक देतो आणि त्याला समाजसेवा म्हणतो. ठरवायचं काम आपलं आणि करायचं काम त्यांचं, अशी वाटणी असली तर मुलं आज्ञा पाळायला शिकतील, पण जबाबदारी घ्यायला नाही.

मुलांना एक लहानसं, पण खरं काम द्या. नाही झालं तर कुणाचं तरी अडेल, असं. त्यात ती चुकतील, आणि ती चूक सुधारायला त्यांना वेळ द्यावा लागेल. आपण जवळपास असावं, धोका दिसला तर थांबवावं. पण सुई त्यांच्या हातातून काढून घेऊ नये. हे फार अवघड आहे, मी अनुभवानं सांगते! आणि अभ्यास बुडेल ही भीती नको. आठवड्याला अर्धा तास काही फार नाही.

डबा ओट्यावर

शेवटचं सांगते आणि थांबते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. म्हाताऱ्या माणसांच्या जवळ जायचं नाही, असं सगळीकडे सांगत होते. मी माझ्या घरात अडकलेली. आमच्या गटाचं काम थांबलं, असं मी धरूनच चालले होते.

महिन्याभरानं आजींच्या शेजारणीचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा डबा मात्र वेळच्या वेळी येतोय हं."

कसला डबा? मग कळलं. आजींच्या शेजारच्या घरातली पाचवीतली मुलगी दर चार दिवसांनी पुठ्ठ्यावर दहा सुया ओवायची, पुठ्ठा बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात घालायची, डबा आजींच्या ओट्यावर ठेवायची आणि लांबूनच हाक मारून परत फिरायची. बाकीच्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. म्हणून गटप्रमुखानं फोनवर सगळ्यांची पाळी तिला एकटीला देऊन टाकली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

तर दोस्तांनो, तुमच्या शाळेत ज्युनिअर रेड क्रॉस असेल, स्काउट-गाइड असेल तर जरूर जा. पुढे कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, ती १९६९ पासून चालू आहे. पण तोवर थांबायला कशाला हवं? या रविवारी आईबाबांना सांगून आपल्या गल्लीतल्या एखाद्या आजी-आजोबांकडे मित्राला घेऊन जा आणि एवढंच विचारा, "तुम्हाला काय हवंय?"

ऐकून घ्या हं नीट. आणि पुन्हा कधी येणार ते सांगितलंत, तर त्या दिवशी नक्की जा!